तेराव्या घरातला बाण

"थांब," म्हणून रिबेलोंनी गिटारच्या तारांवर पंजा ठेवला. "सुपडू, तेराव्या घरात तू परत गप्प बसलास."

सुपडू तायडेने माउथ ऑर्गन तोंडापासून खाली घेतला आणि शर्टाच्या बाहीला पुसला. "तिथं मले जागाच भेटत नई, साहेब. बाकी सगळीकडं वाट दिसते. तिथं आलं का भिंत."

"भिंत नाही रे, दार आहे ते. आणि किल्ली या माणसाच्या खिशात आहे." रिबेलोंनी मानेनं माझ्याकडे खूण केली. "काय, खांबेटे?"

मी हसलो. मला काहीतरी म्हणायचं होतं, पण वेळेवर म्हणायला मला कधीच काही सुचलेलं नाही.

ही अठ्ठ्याहत्तर सालातली गोष्ट आहे. भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये एक जुना नाचाचा हॉल होता, लाकडी जमिनीचा. तिथे दर रविवारी सकाळी आम्ही जमत असू. रिबेलो लोको शेडमध्ये फोरमन होते, मूळचे गोव्याचे. गिटार त्यांच्या हातात इतकी सहज असायची की ते पाना धरतात की गिटार, असा प्रश्न पडावा. मी विभागीय कार्यालयात कारकून होतो आणि संध्याकाळी इन्स्टिट्यूटचं वाचनालय उघडत असे. सुपडू मालगाडीचा गार्ड. त्याचा माउथ ऑर्गन दहा छिद्रांचा, मुठीत मावणारा. माझा मोठा होता, बाजूला बटण असलेला. ते बटण उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं दाबलं की प्रत्येक सूर अर्ध्या पायरीनं वर चढतो. म्हणजे माझ्याकडे बारा सूर तयार मिळत. सुपडूला मधले काही सूर छिद्रात सापडतच नसत. ते तो श्वास आत ओढता ओढता, घसा आवळून, सूर वाकवून काढायचा.

रिबेलोंनी स्वतः एक धून बांधली होती. तिचं नाव 'आउटर'. सिग्नल मिळेपर्यंत गाडी स्टेशनाबाहेर आउटरला उभी राहते, तशी ती धून उभी राहायची आणि मग सुटायची. सोळा बारची, म्हणजे ठेक्याच्या सोळा सारख्या तुकड्यांची होती. बारला आम्ही घर म्हणायचो, कारण माझ्या वहीत मी सोळा चौकोन आखून ती लिहिली होती. दर घराला गिटारवर एक कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेले तीन-चार सूर. सोलो वाजवणाऱ्यानं त्या कॉर्डवर आयत्या वेळी स्वतःचं काहीतरी रचायचं. कॉर्ड बदलली की खालची जमीन बदलते. मग कोणते सूर घ्यायचे, कोणते टाळायचे, म्हणजे कोणती सरगम निवडायची, हा सगळा प्रश्न.

या प्रश्नाची उत्तरं माझ्याकडे होती. मी टपालानं पुस्तकं मागवली होती, बारा वर्षं कोष्टकं केली होती. या कॉर्डवर ही सरगम, ती नको असेल तर ही दुसरी, अमुक सूर फक्त येता-जाता, त्यावर थांबायचं नाही. 'आउटर'मध्ये बारा घरं एकाच सरगमवर निभतात. तेराव्या घरात ई सेव्हन ही कॉर्ड येते आणि तिथे एक सूर बदलावा लागतो. आतापर्यंत जो जी होता तो अर्ध्या पायरीनं चढवून जी शार्प करायचा. तेवढा केला की चौदाव्या घरात धून आपल्या मुक्कामी, ए मायनरला, अलगद पोचते. माझ्या वहीत ते लाल पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. वाजवतानाही मी एकदाही चुकत नसे.

मी वाजवलं की रिबेलो म्हणत, "करेक्ट."

बारा वर्षं मी हा एकच शब्द ऐकत आलो होतो. सुपडूला येऊन दीड वर्षसुद्धा झालं नव्हतं. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात, ब्रेक व्हॅनमध्ये, बाजूच्या लूप लाइनला तासन्‌तास पडून राहताना तो एकटा वाजवायला शिकला होता. कॉर्डचं नावसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. तो वाजवायचा आणि रिबेलो गिटार वाजवता वाजवता डोळे मिटायचे. कधी "आयला!" म्हणायचे. एकदा तर ते नुसतेच हसले होते, मान मागे टाकून, लहान मूल हसतं तसे. ते हसू मी घरी घेऊन गेलो आणि रात्रभर मला झोप आली नाही.

"ऐका दोघं," रिबेलो त्या दिवशी म्हणाले. "पुढच्या रविवारी संध्याकाळी माझा सेंड-ऑफ. 'आउटर' मी इथे शेवटची वाजवणार, मग गोव्याला जाणार. सोलो एकच. सकाळी इथे या. सुपडूला तेरावं घर जमलं तर सोलो सुपडूचा. नाही जमलं तर खांबेटेचा."

"मंग मी कोणाकडं शिकू?" सुपडूनं विचारलं.

"खांबेटेकडे. दुसऱ्या कोणाला येतंय इथे?"

"पण साहेब..." मी म्हणालो.

"काय पण? तुला येतं ना? मग शिकव." त्यांनी गिटार खोक्यात ठेवली. त्यांना यात काही गैर वाटलं नाही. ज्याला येतं त्यानं शिकवायचं, शेडमध्ये तसाच रिवाज होता.

सोमवारी संध्याकाळी सुपडू आमच्या क्वार्टरवर आला, हातात केळ्यांची फणी. "रावेरची आहेत, वहिनी. घरच्या बागेतली." माझ्या बायकोनं, इंदूनं, त्याला ओसरीत बसवलं. मी अजून वाचनालयातून परतायचा होतो. मी कोपऱ्यावर आलो तेव्हाच मला ते ऐकू आलं. तो 'आउटर' वाजवत होता, अगदी हळू, दुसऱ्याच्या घरी वाजवावं तसं. मी फाटकापाशी उभा राहिलो. आत जावंसं वाटेना आणि निघूनही जाववेना.

तेराव्या घरात तो थांबला, चौदाव्यात परत सुरू झाला. तेवढ्या खंडात मला आमच्या स्वयंपाकघराचं दार दिसलं. इंदू हातात पळी घेऊन दारात उभी होती. आमटी खाली लागल्याचा वास फाटकापर्यंत येत होता.

"करपलं वाटतं," मी आत येत म्हणालो.

"अगं बाई!" ती धावली. आतून म्हणाली, "तुम्ही वाजवता तेव्हा असं होत नाही कधी. तुमच्या वाजवण्यात माझा सगळा स्वयंपाक वेळेवर होतो."

तिनं ते कौतुकानं म्हटलं होतं. मी तिला चांगला ओळखत होतो, म्हणून खात्रीनं सांगतो.

सुपडू म्हणाला, "साहेब, तुमची ती वही मले काई कळायची नई. ते इंग्रजी अक्षरं, ते शार्प. तुम्ही मले छिद्रांचे आकडे लिहून द्या. फुंकायचं तिथं वरचा बाण, ओढायचं तिथं खालचा. सूर वाकवायचा तिथं बाण वाकडा काढा. बस. मी गाडीत बसून घोकतो."

"रोज येता येणार नाही का तुला?"

"कुठलं जमते! उद्या नागपूर साइड, मंग खंडवा. रविवारी सकाळीच परत. तुमच्या चिठ्ठीवरच सारा भरोसा."

मी वहीतलं एक पान काढलं. सोळा चौकोन आखले. बारा घरांच्या खुणा त्याच्या वाजवण्यावरूनच भरल्या. तेराव्याशी आलो.

तेराव्या घराचं उत्तर त्याच्या माउथ ऑर्गनवर फार सोपं होतं. सगळं एका छिद्रात होतं, सहाव्या. सहात फुंकलं की जी. सहात ओढलं की ए. आणि ओढता ओढता सूर जरा खाली वाकवला की जी शार्प, तोच हवा असलेला सूर. म्हणजे सहाचा आकडा आणि त्याखाली एक वाकडा बाण, एवढंच लिहायचं होतं. त्याच्यासारख्याला ते पाच मिनिटांत जमलं असतं.

आतून भांडं घासल्याचा आवाज येत होता. करपलेलं पातेलं इंदू राखेनं घासत होती. घासता घासता ती 'आउटर' गुणगुणत होती.

मी सहाचा आकडा लिहिला आणि त्यावर वरचा बाण काढला. सरळ.

"फुंकायचं?" सुपडूनं विचारलं. "वाकवायचं नई?"

"फुंकायचं. पूर्ण घरभर. तोच सूर धरून ठेव." माझा आवाज मला नेहमीसारखाच वाटला.

त्यानं लगेच माउथ ऑर्गन ओठांना लावला. मी घाईनं म्हणालो, "इथे नको. उशीर झालाय. गाडीत घोक." सुटा सूर ऐकून त्याला काही कळलं नसतं. कॉर्ड सोबत असती तरच दोन्ही सूर एकमेकांच्या अंगावर गेले असते. ई सेव्हनमध्ये जी शार्प आधीच असतो. त्यावर साधा जी वाजवणं म्हणजे घासात दाताखाली खडा येणं. हे सगळं मला माहीत होतं. मला जे माहीत होतं ते मी पहिल्यांदाच कुठेतरी वापरत होतो.

सुपडूनं चिठ्ठीची घडी केली, कपाळाला लावली आणि खिशात ठेवली. "उपकार झाले, साहेब."

तो आठवडा कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही. बुधवारी मी ठरवलं की शनिवारी स्टेशनवर निरोप ठेवू. शनिवारी स्टेशनवर गेलोसुद्धा. गार्ड लोकांच्या फळ्यावर त्याचं नाव वाचलं, गाडी कुठे आहे ते वाचलं आणि परत आलो. निरोपाचा कागद खिशातच राहिला. घरी येऊन मी माझं तेरावं घर चाळीस वेळा वाजवलं. चाळीसही वेळा बरोबर.

रविवारी रिबेलो म्हणाले, "आधी खांबेटे."

मी वाजवलं. बोट बटणावर वेळेवर पडलं. जी शार्प आला, तिथून ए. चौदा, पंधरा, सोळा.

"करेक्ट," रिबेलो म्हणाले.

सुपडू थेट गाडीवरून आला होता. पांढऱ्या गणवेशाची कॉलर काळी, डोळे तांबडे. त्यानं खुर्ची नाकारली, खिडकीला टेकून उभा राहिला आणि रिबेलोंना मान हलवून खूण केली.

बारा घरं त्यानं नेहमीसारखी वाजवली. मी ऐकत नव्हतो. मी मोजत होतो. दहा. अकरा. बारा.

तेराव्यात त्यानं सहाव्या छिद्रात फुंकलं. भीत भीत नाही, छाती भरून. तो जी गिटारच्या कॉर्डवर असा आदळला की माझे खांदे आपोआप वर गेले. रिबेलोंच्या भुवया चढल्या. आणि मला आनंद झाला. हे लिहायलाच हवं. संपलं, मला वाटलं, सोलो माझा.

सुपडूनं तो सूर सोडला नाही. धरून ठेवला, मी सांगितलं होतं तसा. कुणी बंद दाराला खांदा लावून उभं राहावं तसा. आणि घर संपायला एक ठोका उरला असताना त्यानं त्याच छिद्रात श्वास उलटा फिरवला. आत ओढला, वाकवला. जी शार्प आला. जो मी लपवला होता तोच सूर, पण माझ्या बटणाचा नव्हे, त्याच्या घशातून आलेला, ओला. तो हळूहळू सरळ होत गेला आणि चौदाव्या घराच्या उंबऱ्यावर ए होऊन उभा राहिला.

रिबेलोंची गिटार थांबली.

"परत," ते म्हणाले.

सुपडूनं परत वाजवलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा रिबेलोंनी वाजवता वाजवता डोळे मिटले आणि ते उघडले तेव्हा ते पुसावे लागले. "सोलो सुपडूचा," एवढंच ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर सुपडू माझ्याजवळ येऊन बसला. चहावाल्याकडून त्यानं दोन ग्लास आणले होते. एक माझ्या हातात दिला.

"साहेब, खरं सांगू? पहिल्या दिवशी मले तुमचा राग आला होता."

मी चहाचा घोट घेतला.

"रिबेलोसाहेबांची ती कॉर्ड माह्या कानात बसेल होती. बडनेऱ्याच्या अलीकडं गाडी लूपला लागली, तिथं वाजवून पाह्यलं. दात आंबल्यावानी झालं! म्हटलं, हे काय लिहून देलं राजेहो? मंग विचार केला, खांबेटेसाहेब पुस्तकातला माणूस. ते चुकणार नईत. चुकत असंन तर माहाच कान चुकते. मंग पाच दिवस तेच. हा सूर बरोबर कसा होईन, ते शोधलं. त्याच्या आधी काय वाजवलं का तो बरोबर होते, मागून काय आलं का होते. खंडव्याच्या गाडीत सापडलं. त्याच छिद्रात होतं!" तो हसला. मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "तुम्ही मुद्दाम अर्धंच लिहिलं होतं ना? बाकीचं मी शोधावं म्हणून?"

तो मला सुटायला वाट काढून देत नव्हता. त्याला तसं खरंच वाटत होतं. त्याच्या तोंडाकडे पाहिलं असतं तर कदाचित मला खरं बोलता आलं असतं. मी चहाच्या ग्लासात पाहिलं.

"हो," मी म्हणालो.

त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला.

तेवढ्यात रिबेलो बाहेर आले. सुपडूनं उत्साहानं खिशातून चिठ्ठी काढली. "पा साहेब, हे असं शिकवलं यांनी!" रिबेलोंनी चष्मा लावला. सोळा चौकोनांवरून त्यांची नजर सावकाश फिरली आणि तेराव्यावर थांबली. चिठ्ठी त्यांनी घडी करून सुपडूला परत दिली. "जपून ठेव," ते म्हणाले. "जा, अंघोळ कर. संध्याकाळी असा काळा येऊ नकोस स्टेजवर."

सुपडू गेला. रिबेलो माझ्याशेजारी, जिथे तो बसला होता तिथेच बसले. समोरच्या कडुनिंबाखाली कुणाची तरी सायकल टेकवलेली होती, तिच्याकडे ते पाहत राहिले.

"बारा वर्षांत तुझ्या हातून एक चूक झाली, खांबेटे," ते म्हणाले. "एकच. आणि तीसुद्धा तू स्वतः वाजवली नाहीस."

गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि आत गेले.

संध्याकाळी मी दुसऱ्या रांगेत इंदूच्या शेजारी बसलो होतो. उकडत होतं. कार्यक्रमाच्या कागदानं ती वारा घेत होती. तेराव्या घरात सुपडूनं तो सूर लावला आणि तिचा हात थांबला. चौदावं घर लागेपर्यंत थांबलेलाच होता. मी स्टेजकडे पाहिलंच नाही. मी तो हात पाहत होतो.

रिबेलो गोव्याला गेले. दर नाताळला कार्ड यायचं, त्यावर फक्त सही. सुपडू निवृत्त होऊन रावेरला गेला, केळीची बाग पाहू लागला आणि गावातल्या पोरांना वाजवायला शिकवू लागला. ती चिठ्ठी त्यानं गार्डच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली होती. त्याच्या मुलीच्या लग्नात त्यानं मला पाहुण्यांपुढे उभं केलं. "हे माहे गुरू," म्हणाला. "यांनी मले एक बाण देला आणि बाकीचं माह्यावर सोडलं. असा गुरू पाह्यला का कोणी?" मी मान खाली घालून दोन लाडू खाल्ले. दोन वर्षांपूर्वी तो गेला. त्याला खरं सांगण्यासाठी माझ्याकडे चव्वेचाळीस वर्षं होती.

आता आम्ही नाशिकला मुलाकडे असतो. माउथ ऑर्गन मी अजून वाजवतो, थोडा, दम लागेपर्यंत. परवा दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. इंदू स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. शेंगा फोडल्याचे आवाज एकामागून एक बाहेर येत होते. मी 'आउटर' सुरू केली. गिटार आता माझ्या कानातच असते. बारा घरं झाली. तेराव्यात बोट आपोआप बटणाकडे गेलं. या आधीही बटण न दाबायचं मी कितीतरी वेळा ठरवून पाहिलं होतं, पण ते बोट माझं ऐकत नाही. तेव्हा यावेळी ते मी दुसऱ्या हातानं धरलं, घट्ट, आणि साधा जी फुंकला. होता नव्हता तेवढा श्वास घालून.

तो भयंकर वाजला. पुढचं मला जमलं नाही. मी तिथेच थांबलो.

स्वयंपाकघरातला शेंगांचा आवाज बंद झाला होता.

"काय हो?" इंदूनं आतून विचारलं. "चुकलं का?"

"हो," मी म्हणालो. "चुकलं."